नाव पुकारल्याशिवाय नाही

ऑस्ट्रेलियन फुटबॉलला मैदानाच्या एकेका टोकाला चार खांब लागतात. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. जाळी नाही, आडवी दांडी नाही. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. पुस्तकं मी नववीतच सोडली. हे मिळालं दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या कंपनीच्या स्टोअरमधून, कारण ते आठही खांब माझ्या ताब्यात असायचे. ॲल्युमिनियमचे पाइप, खाली लोखंडी बूड. दर शुक्रवारी ते पिकअपवर बांधायचे, रग्बीच्या भाड्याच्या मैदानावर न्यायचे आणि उभे करायचे. माझ्या कामात हे बसत नव्हतं. पण साहेबांनी सांगितलं होतं, आणि साहेबांना मी नाही म्हणत नसे.

साहेब ऑस्ट्रेलियन. आमची कंपनी ऑफिसं, हॉटेलं यांची आतली छतं आणि पार्टिशनं करायची. साहेब तिचे मॅनेजर. पंचेचाळिशी उलटलेली, एका गुडघ्याला कायमचा पट्टा. त्यांच्या देशातल्या या खेळाचा एक क्लब ते दुबईत चालवायचे. क्लबचे अध्यक्ष ते, कोच ते, आणि माणूस कमी पडला तर पट्टा आवळून खेळायलाही तेच. मला म्हणायचे, "सर नको म्हणू, मेट म्हण." म्हणजे दोस्त. मी म्हणायचो, "यस सर."

मग मंदी आली. आमच्याकडे ती बातम्यांतून आली नाही, फोनवरून आली. एक साइट 'होल्ड'वर गेली, मग दुसरी, मग होल्ड हा शब्दही कोणी वापरेना, सरळ खलास म्हणायचे. स्टोअरमध्ये आम्ही चौघं होतो, मी एकटा उरलो. गेलेले तिघंही माझ्याहून शिकलेले, त्यातला एक तर डिप्लोमावाला. साहेबांनी मलाच का ठेवलं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनाच कारण आठवलं नाही तर? शारजाला अल नहदात, दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर घेतलेल्या फ्लॅटच्या एका खोलीत बायको आणि मुलगी. त्या दोघींचा व्हिसा माझ्या व्हिसावर, आणि माझा व्हिसा साहेबांच्या मर्जीवर. सकाळी ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या मी म्हणायचो, देवा, आजचा दिवस जाऊ दे. संध्याकाळी म्हणायचो, गेला. असं ते वर्ष काढलं.

साहेबांच्या क्लबचंही तेच झालं. त्यांचे खेळाडू म्हणजे सगळे इंजिनिअर, सर्व्हेअर, फ्लॅट विकणारे. महिन्याला दोन-तीन जण निरोप घेऊन विमानतळ गाठायचे. खरं तर या खेळाला एका बाजूला अठराजण लागतात, इथं पंधरांवर भागवायचे. सीझन संपता संपता अशी वेळ आली की खांब आठ आणि खेळाडू सात. चार क्लबांच्या लीगमध्ये आमचा नंबर अर्थातच शेवटचा. मीही 'आमचा' म्हणायला लागलो होतो, खांबवाला असून.

रमजानमुळं कामाचे तास कमी होते. साइटी बंद म्हणून छताचे जिप्समचे बोर्ड बसवणारी आपली पोरं कामगारांच्या कॅम्पमध्ये नुसती बसून असायची. स्टोअरमागं जिथं पूर्वी बोर्डांच्या थप्प्या लागायच्या ती जागा मोकळी पडली होती. तिथं ऊन उतरलं की त्यांचा कबड्डीचा डाव पडायचा. रेषा जिप्समच्या भुकटीच्या. एका संध्याकाळी साहेब किल्ली मागायला मागं आले आणि किल्ली विसरून उभेच राहिले. चढाईवाला आत शिरला होता, दम धरून, कुणाला शिवू कुणाला नको करत. त्यानं पाय लांबवला आणि डाव्या कोपऱ्यातल्या माणसानं खाली बसत त्याचा घोटा असा धरला की तो जिथल्या तिथं आडवा.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"लेफ्ट कॉर्नर, सर."

"जागा नाही, नाव विचारतोय."

मी नाव सांगितलं. साहेबांनी ते एकदा जिभेवर घोळवलं आणि सोडून दिलं. "लेफ्ट कॉर्नर चालेल," म्हणाले. तेव्हापासून आम्हीही त्याला कोपरा म्हणायला लागलो. वाळव्याकडचा गडी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, त्यानंच मनाई केली आहे. म्हणाला, "घरच्यांना वाटंल, दुबईला जाऊन ह्यो हेच करत हुता."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम आला, यातले पाच निवड. असा मी भरती करणारा झालो. कशावरून निवडायचं ते मला कुठं ठाऊक? मी फक्त बघितलं, पडल्यावर लवकर कोण उठतं. कोपरा तर होताच, आणखी चार निवडले, आणि मंगळवारी त्यांना प्रॅक्टिसला मैदानावर नेलं.

वाटेत व्हॅनमध्येच मी नियम सांगितले. "चेंडू लांबोडा असतो, सोललेल्या नारळासारखा. पायानं मारायचा, नाहीतर मुठीनं ठोसा देऊन दुसऱ्याकडं द्यायचा. फेकायचा नाही. ज्याच्या हातात नारळ त्यालाच धरायचं. आणि धरायचं ते खांद्याच्या खाली, गुडघ्याच्या वर."

"गुडघ्याच्या वर?" कोपरा म्हणाला. "मग घोटा?"

"घोटा नाही."

"न्हाई?" त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. "मग खेळायचं कशाला, दादा?"

आणि झालंही तसंच. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं तीन गोऱ्यांचे घोटे धरले आणि तीनदा शिट्टी वाजली. बाकीच्यांतले दोघं एकमेकांचे हात धरून, साखळी करून, समोरच्याला घेरायला निघाले. गोरे पोट धरून हसले. एकजण ओरडला, "लग्न आहे का दोघांचं?" त्यावर आमच्यातला एक हिंदीत म्हणाला, "हां, दहेज में तेरेको उठाके लेके जाएंगे," आणि त्या बोलणाऱ्याला कमरेला धरून खरोखर उचलला. ते मात्र नियमात बसत होतं.

मग कोपऱ्याच्या हातात चेंडू आला. दोघांनी मिळून त्याला पाडलं. तो उठला, कपडे झटकले, शांतपणे मैदानाबाहेर आला आणि रेषेपलीकडं मांडी घालून बसला. खेळ चालू, हा बसलेला.

मी धावत गेलो. "अरे, काय झालं? लागलं काय?"

"बाद झालो की."

"इथं बाद होत नाही कोणी."

"धरलं तरी?"

"धरलं तरी. उठायचं आणि परत पळायचं."

"मग जिवंत कोण करनार मला?"

"कोणी करत नाही. तू जिवंतच असतोस."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी थापा मारतोय. मग हसला. "ह्यो खेळ चांगलाय राव," म्हणाला आणि आत धावला.

तीन-चार आठवड्यांत तो सुधारला. घोट्याकडं हात जायचाच, पण वाटेतून परत यायचा आणि मांडीला मिठी मारायचा. ती मिठी सुटत नसे. साहेब कडेला उभे राहून स्वतःशीच मान डोलवायचे.

आता ड्राफ्टचं सांगतो. आमच्यासारख्यांना ड्राफ्ट म्हटलं की गावी पाठवायचा बँकेचा कागद आठवतो. हा तो नाही. दर वर्षी सीझनच्या आधी सगळे नवे खेळाडू एका हॉलमध्ये जमतात. चारही क्लबांचे लोक येतात आणि पाळीपाळीनं एकेक माणूस निवडतात. ज्याची निवड होते त्याचं नाव मोठ्यानं पुकारतात. तो उठतो, पुढं जातो, त्या क्लबची बिनबाह्यांची जर्सी तिथंच शर्टावरून घालतो आणि लोक टाळ्या वाजवतात. गंमत म्हणजे गेल्या वर्षी जो क्लब शेवटचा आला त्याची पाळी पहिली. हे ऐकून मला मोठा अचंबा वाटला होता. आपल्याकडं पहिल्या पंक्तीला कोण बसतं ते मला चांगलं माहीत आहे.

पोरांनी हे गोऱ्यांकडून ऐकलं होतं. एका मंगळवारी परतताना कोपऱ्यानं विचारलं, "दादा, त्या दिवशी आमचं बी नाव पुकारणार न्हवं?"

मी साहेबांना विचारून सांगतो म्हणालो. विचारलं तर साहेब म्हणाले, "छे, त्या पाचांना ड्राफ्टमध्ये कशाला? ते टॉप-अप." टॉप-अप म्हणजे, एखाद्या क्लबला सामन्याच्या दिवशी माणसं कमी पडली तर मैदानाशेजारी जो सापडेल त्याला भर म्हणून उतरवायचं. बाकी क्लब सहसा हरकत घेत नाहीत. भरीच्या माणसाला जर्सी उरलीसुरली आणि नाव नसलं तरी चालतं.

मी हे पोरांना सांगितलं. चौघं म्हणाले, ठीक आहे दादा, खेळायला मिळतंय ना. कोपरा मात्र कॅम्पच्या दारात उतरताना म्हणाला, "लग्नात कसं असतंय दादा, पंक्तीत दोन पानं रिकामी ऱ्हायली तर रस्त्यावरनं चाललेल्याला बसवत्यात. जेवण तेच असतंय. वाईट काय न्हाई. पण मी न्हाई बसणार. नाव पुकारलं तर खेळीन. न्हाईतर आपली भुकटीची रेष बरी."

"अरे, साहेब चांगला माणूस आहे."

"म्या कुठं वाईट म्हणलं?"

त्या रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं. ती आमच्या बिल्डिंगमधल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायची. पोळ्या लाटतालाटता बोलायची तिची सवय, त्या दिवशी लाटणं थांबवून बोलली. "अहो, साहेबांशी वाकडं घेऊ नका. सगळ्यांना घालवलं आणि तुम्हाला ठेवलं त्यांनी. कोपऱ्याचं काय, आज रुसेल उद्या खेळेल."

मलाही तेच वाटत होतं. मुलगी समोर बसली होती, दुसरीतली. आमचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत द्यायची. म्हणाली, "बाबा, आर दे पिकिंग टीम्स? लाइक इन पी.ई.?" पी.ई. म्हणजे तिच्या शाळेतला खेळाचा तास.

"हो."

"आय ऑल्वेज गेट पिक्ड लास्ट," ती वरणात भात कालवत म्हणाली. "दे डोंट इव्हन से माय नेम. दे जस्ट से, ओके, यू टू."

तिला त्याचं काही दुःख होतं असं नाही. तिनं भात खाल्ला आणि कार्टून बघायला गेली. बायकोनं आणि मी मात्र एकमेकांकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये मी देवाचं नाव घेण्याऐवजी इंग्रजी वाक्य पाठ केलं. माझं इंग्रजी स्टोअरपुरतं, किती आले, किती गेले, कुठं सही करायची. साहेब काउंटरशी आले तेव्हा मी म्हणालो, "सर, द फाइव बॉईज. नेम इन द ड्राफ्ट. प्लीज."

"नो नीड, मेट."

"प्लीज सर."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. काउंटरवर रेलून हळू आवाजात, मला कळेल अशा बेतानं बोलायला लागले. म्हणाले, हे बघ, लेफ्ट कॉर्नर किती चांगला आहे ते अबू धाबीच्या क्लबवाल्यांना कळलं तर ते त्याला उचलतील. माझी पाळी पहिली असली तरी एका पाळीला माणूस एकच. पहिल्या पाळीला मी छत बसवणाऱ्याला निवडू शकत नाही, मेलबर्नहून एक मास्तर आलाय, साडेसहा फुटी, त्याला घ्यायलाच हवा. म्हणून या पाचांना बाहेरच ठेवतो. कोणी बघणार नाही, पाचही माझे. कळलं?

मला कळलं. पहिल्यांदा तर बरंच वाटलं, कारण मी इतके दिवस समजत होतो की त्यांना आमची पोरं मोजदादीतही नकोत. तसं नव्हतं. कोपरा चांगला होता हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि तो चांगला होता म्हणूनच त्याचं नाव पुकारायचं नव्हतं. वाईट असता तर कदाचित पुकारलं असतं. मला घाम फुटला. घाम भीतीचा की रागाचा, ते मला तेव्हा वेगळं करता येत नसे.

"यू ट्रस्ट मी?" साहेबांनी विचारलं.

"यस सर," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. माझ्या घरातली चूल त्या माणसाच्या भलेपणावर पेटत होती. हे मी आजही तितक्याच मोठ्यानं सांगतो. पण त्या भलेपणाची परतफेड कोपऱ्याच्या नावानं का करायची? नाव त्याचं होतं. देणं माझं होतं.

ईद झाली आणि ड्राफ्टचा शुक्रवार आला. रग्बीच्या मैदानाच्या क्लबहाउसमध्ये, मावळतीला. आमच्या क्लबच्या जर्सींचं खोकं सांभाळायचं काम माझ्याकडं. साहेब त्यांच्या गाडीनं पुढं गेले. मी पोरांना आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून तयार राहायला सांगितलं होतं. स्टाफच्या व्हॅनमधून पाचांना घेऊन गेलो. कोपऱ्यानं कुणाचं तरी घड्याळ मागून हातात घातलं होतं. "बघायला चाललोय काय आम्ही?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "पुढच्या खुर्च्यांवर बसा." पुढच्या खुर्च्या नव्या खेळाडूंच्या.

टेबलाशी लीगची सेक्रेटरी बसली होती, कुठल्याशा शाळेत खेळ शिकवणारी उंच बाई. मी खोकं खाली ठेवलं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, फाइव मोअर."

तिनं पाचांकडं बघितलं. "कुणाचे आहेत हे?"

"नोबडीज, मॅडम. न्यू प्लेअर."

हॉलच्या पलीकडच्या टोकाला साहेब उभे होते. त्यांनी हात वर करून, हे काय, अशी खूण केली. मी खोक्यात बघायला लागलो, जणू जर्सी मोजतोय. मला वाटलं, ती आता त्यांना विचारणार. तिनं पेन उचललं आणि म्हणाली, "नोबडीज, येट. नावं सांग." मी नावं सांगितली. अक्षर अक्षर करून. माझ्या आयुष्यात मी कुणाला एवढं सावकाश काही सांगितलं नसेल.

पाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी पहिल्यांदा साडेसहा फुटी मास्तर घेतला, मी त्याला जर्सी दिली, ती त्याच्या बेंबीपर्यंतच आली. टाळ्या, हशा. मग बाकी क्लब. दुसरी पाळी, तिसरी. एक आयरिश, एक न्यूझीलंडचा, दोन पायलट. आमचे पाच तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे. प्रत्येक नावाला त्यांच्या माना वर व्हायच्या. मला वाटायला लागलं, मी काय केलं हे? आता सगळ्यांदेखत शेवटपर्यंत उरतील. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू निवांतपणा येत होता. कोणी विचारत नव्हतं. सगळे त्यांनाच मिळणार होते.

मध्ये जरा थांबले तेव्हा चहाच्या पिंपाशी अबू धाबीचा कॅप्टन माझ्या शेजारी आला. लाल दाढी, मनगट माझ्या दंडाएवढं. "ते तुझे दोस्त? घड्याळवाला काय करतो?"

साहेब दोन हातांच्या अंतरावर कप भरत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. थोडीशीच. बिगिनर आहे, एवढं म्हणालो असतो तरी काम झालं असतं. आणि ते खोटंही नसतं. मला अल नहदातली खोली दिसली, तव्यावरची पोळी दिसली, मुलीची शाळेची बस दिसली. मी हातातला कप पिंपावर ठेवला.

"ही होल्ड्स, सर," मी म्हणालो. "नो वन गो."

"टॅकल करतो?"

"यस. बट सर, समटाइम्स ही होल्ड द फूट. फूट नॉट अलाउड. ही इज लर्निंग."

जी खोट होती तीही सांगितली. माल देताना स्टोअरवाल्यानं दोन्ही सांगावं. लाल दाढीवाला खदखदून हसला. "फूट!" म्हणाला आणि गेला. साहेब कप तसाच ठेवून जागेवर जाऊन बसले.

अबू धाबीची पाळी आली. लाल दाढीवाला उभा राहिला, सेक्रेटरीच्या टेबलावर वाकून बघितलं आणि एक नाव पुकारलं. तीन तुकडे करून, मधला तुकडा भलताच. कोपऱ्याला कळलंच नाही. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, "अरे, तूच!" तो उठला. एवढ्या मोठ्या हॉलमधून चालायचं कसं हे न सुचल्यासारखा चालत पुढं गेला आणि इस्त्रीच्या शर्टावर अबू धाबीची जर्सी चढवली. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही.

साहेब ताडकन उठले. "एक मिनिट! तो माझा माणूस आहे."

सेक्रेटरीनं चष्मा वर केला. "कुठल्या पाळीला घेतलास?"

सगळा हॉल हसला. साहेब बसले. मग त्यांची पाळी आली आणि त्यांनी उठून आमच्या चौघांपैकी एकाचं नाव पुकारलं. पुढच्या पाळीला दुसऱ्याचं. अजून एक चांगला उंच ऑस्ट्रेलियन शिल्लक होता, त्यांच्याच क्लबचे लोक ओरडले, "काय करतोयस, मेट?" पण साहेबांना आता धास्ती बसली होती की हेही जातील. चारही नावं त्यांनी घेतली. एकालाही तुकडे पडले नाहीत. स्वच्छ, आपल्यासारखी. म्हणजे इतके दिवस त्यांना ती येत होती. एकेकाला जर्सी देताना मी त्यांच्याकडं बघत होतो आणि ते माझ्याकडं बघत नव्हते.

पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. "तुझ्यामुळं माझा सगळ्यात चांगला माणूस गेला. कळतंय तुला?"

"यस सर. थँक यू, सर."

"थँक यू कशाबद्दल?"

"जॉब, सर. एव्हरीथिंग. बट नेम इज हिज, सर."

ते गाडीत बसले.

परतताना व्हॅनमध्ये चौघांचा दंगा चालला होता, एकमेकांच्या जर्सी ओढत होते. कोपरा पुढं माझ्या शेजारी. जर्सी काढायला तयार नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हंजे दादा, आता तुमच्याच टीमच्या विरुद्ध खेळायचं मी?"

"होय."

"मग धरू तुमच्या लोकास्नी?"

"धर. गुडघ्याच्या वर."

घरी आलो. बायकोनं दार उघडल्या उघडल्या माझा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. मी बसलो. ती म्हणाली, "पुकारलं नाव?"

"पुकारलं."

"नीट?"

"नीट नाही. पण पुकारलं."

तिनं ताट वाढलं. "मग रविवारचं रविवारी बघू. जेवा आधी."

तेव्हा तिकडं आठवडा रविवारी सुरू व्हायचा. मधला शनिवार मी कसा काढला ते विचारू नका. पासपोर्ट, मुलीचे शाळेचे दाखले, सगळं काढून पुन्हा जागेवर ठेवलं. दोनदा.

रविवारी साहेब स्टोअरच्या खिडकीवरून गेले, थांबले नाहीत. दुपारी वर बोलावणं आलं. दार लावून घे म्हणाले. मी लावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, मी रागावलो होतो, अजून रागावलोय. तू माझ्या पाठीमागं गेलास. पुढच्या सीझनला असं करायचं नाही.

मी जिना चढताना ठरवलं होतं की सॉरी म्हणायचं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. "नेक्स्ट सीझन मोअर बॉईज, सर. टेन. गुड बॉईज. ऑल नेम्स इन द ड्राफ्ट."

"नोकरी नको झालीय का तुला?"

"नो सर. आय वाँट जॉब." आणि मला ती हवी होती हो, किती हवी होती ते कसं सांगू. "बट ऑल नेम्स, सर."

ते खुर्चीत मागं टेकले. खिडकीबाहेर एक क्रेन होती, कित्येक महिने न हललेली. तिकडं बघत म्हणाले, "दहा फार होतात. सहा आण. आणि त्या चौघांना सांग, प्रॅक्टिस मंगळवारी. एकमेकांचे हात धरायचे नाहीत." मग नेहमीसारखा हात हलवला, म्हणजे जा.

साहेबांनी हात हलवला की मी नेहमी निघायचो. पाय आपोआप वळायचे. त्या दिवशी वळले, पण मी पायांना थांबवलं. साहेब कॉम्प्युटरकडं बघत होते. मी उभाच. त्यांनी वर बघितलं, अजून इथंच का, अशा नजरेनं.  माझं बोलून झालं होतं.

"ऑल राइट," ते शेवटी म्हणाले. "ऑल नेम्स."

मग मी दार उघडलं. खाली बोर्डांचा ट्रक लागला होता, कितीतरी दिवसांनी आलेला. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. म्हटलं, "यल्ला, येतो," आणि जिना उतरलो.